जालन्याचे कसब कोणाच्या नावावर?

1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हा निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त होऊन सोळाच वर्षे झाली होती. परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन व्हायला अजून आठ वर्षे होती. अशा भागात बियाण्यांचा उद्योग उभा करायचा, तर माणसे तयार मिळणार नव्हती, ती घडवावी लागणार होती. कंपनीचे पर्यवेक्षक बांधावर गेले, शेतकऱ्यांना नर-मादीच्या ओळी लावायला शिकवल्या आणि गावोगावच्या बाया-माणसांच्या हातांत संकराचे कसब आले. 1998 मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांची राजधानी झाले, त्याच्या मुळाशी ही शिकवणी आहे.

हे कसब किती बारीक आहे, ते कपाशीच्या क्रॉसिंगच्या प्लॉटमध्ये कळते. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारीच ओळखावी लागते. अंगठ्याचे नख बुडाशी रोवून, हलका पीळ देऊन पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकदमच काढायची. नख खोल गेले तर बोंड गळते. एखादा परागकोश राहिला तर स्वपरागण होऊन बियाण्याची शुद्धता जाते. खुणेचा कागद अडकवायचा आणि सकाळी नर फुलाचे पराग कुक्षीवर फिरवायचे. ‘बोलगार्ड’ या जनुक बदललेल्या कपाशीला मार्च 2002 मध्ये केंद्राने परवानगी दिली आणि बीटी कपाशीचे युग सुरू झाले. जनुक प्रयोगशाळेतून आले, पण 450 ग्रॅमच्या प्रत्येक पाकिटामागचे काम नखांनीच होत राहिले. हे काम मुख्यतः स्त्रियांनी केले. आज त्यांतल्या एखादीला विचारा, वीस हंगामांच्या या कौशल्याचा कागद आहे का? बहुतेकींकडे नसतो. हंगाम संपला की त्या पुन्हा अकुशल मजूर ठरतात.

माणसाने शिकलेले काम कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवल्याची नोंद आहे. कारागिरांच्या संघटनेची पत एवढी होती की दानाचा पैसा पिढ्यानपिढ्या तिच्या हवाली करता येई. पुढे बलुतेदारीत कसब घराण्यात टिकले, पण जन्माच्या कुंपणात अडकले. ज्याला आवड होती त्याला दार बंद आणि ज्याला नको होते त्याच्या गळ्यात तेच. आधुनिक कारखान्याने ते कुंपण मोडले. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखान्याची वसाहत उभारली, तीही शेतीतून आलेल्या माणसांना यंत्रावर घडवूनच. दार उघडले हे मोठेच काम झाले. शिकलेल्याचा पुरावा मात्र मालकाच्या हजेरीपटातच राहिला.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ही त्रुटी भरून काढायला हवी होती. आजच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उद्देश चांगला आहे, पण आकडा पुरा करण्यासाठी मुलगा घेतला, वर्षभर एकाच मशीनवर उभा केला आणि मुदत संपताच सोडला, तर ते प्रशिक्षण नव्हे, स्वस्त मजुरी होय. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला दरमहा 6000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8000 आणि पदवीधराला 10000 रुपये विद्यावेतन ठरले. त्या तरुणांनीही असाच प्रश्न सरकारला विचारला आहे: शिकलो, पुढे काय?

जालन्यात हा प्रश्न टाळता येणार नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूजवळ काम चालते. तिथे शिकवण्यात झालेली हयगय जिवावर बेतते. 2018 पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल इथे आहे, समृद्धी महामार्ग दारातून जातो. तरीही इथला आयटीआय झालेला मुलगा पुण्याजवळच्या चाकणची गाडी पकडतो, कारण गावात त्याला काम दिसते, पण त्या कामात वर जायची पायरी दिसत नाही.

‘शिकवलेला माणूस सोडून जातो’ ही उद्योजकांची तक्रार खरी आहे. पण कसब लपवून किंवा पुरावा अडवून माणूस टिकत नाही, चिडतो. तो टिकतो तो पुढची पायरी आणि त्या पायरीचा पगार आधीच ठाऊक असल्यामुळे. शिवाय एका कारखान्यातून गेलेला तयार माणूस जिल्ह्यातल्या दुसऱ्या कारखान्यात येतो. बियाण्यांच्या धंद्यात जालना मोठे झाले ते असेच.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. बियाणे कंपन्यांनी क्रॉसिंग करणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन त्यांच्या नावाचे प्रमाणपत्र मिळवून द्यावे. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहेच. पोलाद उद्योजकांनी एकत्र येऊन सामाईक प्रशिक्षण केंद्र चालवावे, त्यात कंत्राटी आणि परप्रांतीय कामगारही धरावेत. आणि प्रत्येक प्रमाणपत्राला वेतनवाढ जोडलेली असावी. साठ वर्षांपूर्वी जालन्याने शिकवून उद्योग उभा केला. आता शिकलेल्याचा हक्क त्याच्या नावावर लिहून देणे, हे त्या उद्योगाचे राहिलेले देणे आहे.