झुरळपालनाचा नवा धंदा

कित्येक तरुण शेतकरी बंधू सांप्रत जोडधंदा म्हणून परदेशी झुरळे पाळण्याचा मनोदय बोलून दाखवितात. युरोप-अमेरिकेत हौसेने पाळलेल्या सरड्यांस खाऊ घालण्याकरिता दक्षिण अमेरिकेतील ‘डुबिया’ झुरळांची पैदास लोक घरीच करतात, हे खरे. गुळगुळीत पेटी, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, अंधार आणि सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णता एवढ्यावर काम भागते. मादी एका वेळी २० ते ३० जिवंत पिल्ले देते.

परंतु गिऱ्हाईक कोठे आहे? आपल्या रानातील घोरपड वा तारा-कासव पाळण्यास सन १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. परदेशी सरडे पाळणारे मोठ्या शहरांत, तेही थोडे. शिवाय परदेशातून जिवंत कीटक आणण्यास सरकारी परवाना लागतो. ही अट जाचक म्हणू नये. पुण्यास १९५५-५६ च्या सुमारास दिसलेले परदेशी गाजरगवत आपण आज बांधोबांधी उपटीत आहोत.

तथापि कीटकपालन हलके नव्हे. रेशमाचा किडा व मधमाशी हे कीटकच होत. आवड असणाऱ्यांनी कोंबड्यांकरिता काळ्या सैनिक माशीच्या अळ्या वाढवाव्यात. ही माशी आपल्याकडे आढळते, चावत नाही. अळी खरकटे व कुजका भाजीपाला खाते. वाळलेल्या अळीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. औषध फवारलेला पाला मात्र तीस घालू नये. ते विष कोंबडीमार्गे आपल्याच ताटात येईल.

खरकटे घरचे, कोंबडी घरची. गिऱ्हाईक शोधावयास नको. परका जीव दारी आणण्यापूर्वी बाजार, कायदा व शिवार या तिहींचा विचार व्हावा, एवढीच विनंती.