मरीआईचा नवा गाडा



पटकीची साथ आली की गाव मरीआईचा गाडा सजवायचं आणि ओढत नेऊन शिवेपार ढकलायचं. रोग शेजारच्या गावाच्या बोडक्यावर घातला की आपलं गाव सुटलं, असा हिशेब. पोतराजाने स्वतःच्या अंगावर कोरडे ओढायचे, बळीचा रेडा आपल्या माणसांनी ओढायचा. देवी आपल्या गळ्यात आणि चांगल्या पाण्याची विहीर मात्र आपल्याला बंद! रोग पाण्यात होता आणि पूजा दगडाची चालली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात हा धोंडा आपल्या मानेवरून उतरवला. पण रिकाम्या जागेवर दुसरा भगत टपलेलाच होता. याच्या हातात कोरडा नाही, जाहिरात आहे.

पोराला जुलाब लागले, आई घाबरून मेडिकलात धावली, ‘ओआरएस द्या’ म्हणाली. काउंटरवरून तिच्या हातात फळाचं चित्र असलेला गोड डबा पडायचा. वर ठळक ‘ओआरएस’, आत सरबत. हे वर्षानुवर्षं चाललं. जुलै २०२२ मध्ये सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर सवलत दिली – डब्यावर ‘हे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र नाही’ अशी ओळ छापा आणि नाव खुशाल वापरा. म्हणजे चोराने पाटी लावावी की मी चोर आहे, आणि मग चोरी करावी! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षं याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठे १४ ऑक्टोबर २०२५ ला ही सवलत रद्द झाली. नाव गेलं. पण आईच्या डोक्यात बसवलेला डबा एका हुकमाने जात नाही.

कुणी म्हणेल, क्रांतीच्या कागदावर जुलाबाची भानगड कशाला? कविता छापा. भल्या माणसा, जुलाबाने मरतं ते आपलंच पोर. इमारतीच्या विसाव्या मजल्यावरचं नाही.

म्हणून नीट समजून घ्या. आतड्यातून मीठ आणि ग्लुकोज हातात हात घालून रक्तात शिरतात, आणि त्यांच्यामागे पाणी शिरतं. त्याला प्रमाण लागतं. २००२ पासूनचं सूत्र असं : एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराईड १.५, सायट्रेट २.९. बस्स. गोड डब्यात साखर याच्या कितीतरी पट आणि मीठ नावाला. जादा साखर अंगातलं पाणी उलट आतड्यात खेचते. जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकचंही तेच.

‘सलाईन चढवली तरच ताकद येते’ हीसुद्धा अंधश्रद्धाच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती. सलाईन संपत आली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. मरणाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. औषध कुणी पाजलं? आयांनी. भावांनी. डिग्री नसलेल्या हातांनी.

तेच हात आपल्याकडे आहेत. पुडी सरकारी दवाखान्यात, आशाताईकडे फुकट मिळते. एक लिटरची अख्खी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला. अर्धी पुडी पेल्यात नको, वरून साखर नको. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या पोराला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, घोट घोट. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, दवाखान्यात सांगतील तेवढी. पुडी मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ वाढलं तर घात. ‘जुलाबात खायला-प्यायला देऊ नका’ म्हणणाऱ्या म्हातारीला नमस्कार करा आणि पोराला अंगावर पाजत राहा, जेवू घाला. पण डोळे खोल गेले, लघवी थांबली, पोर पेंगायला लागलं, पिईना, शौचात रक्त आलं, तर पुडीवर विसंबू नका. इस्पितळ गाठा. तिथे सलाईन लागते तेव्हा लागतेच.

आणि पुडीने पोर वाचलं म्हणून गटारातून जाणारी नळाची पाइप माफ होत नाही. २००० नंतरच्या झोपडीतल्या माणसालाही पाणी नाकारता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. तरी हंडे घेऊन कोण फिरतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१९२७ साली चवदार तळ्यावर आपल्या बापजाद्यांनी ओंजळ भरली ती पाण्याच्या हक्कासाठी. त्या हक्कात स्वच्छ पाणीही आलं आणि खरं ज्ञानही आलं. तेव्हा प्रत्येक छावणीने या पावसाळ्याआधी दोन कामं करावीत. विहाराच्या फळ्यावर पुडीची कृती मोठ्या अक्षरात लिहावी आणि खाली पन्नास पुड्या ठेवाव्यात. मग वस्तीच्या नळाचं पाणी तपासून घ्यायला वॉर्ड ऑफिसवर मोर्चा न्यावा. दोन्ही एकाच आठवड्यात.

जय भीम!