एका अभियंत्याच्या कारकीर्दीचा ताळेबंद

राजकारणात अभियंते आणि शास्त्रज्ञ आले की कारभार आपोआप सुधारेल, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात फार जुनी आहे. अध्यापकांच्या बैठकीच्या खोलीत ती आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतेच. ही समजूत तपासून पाहावयाची, तर जेथे असा प्रयोग खरोखर झाला तो प्रदेश पाहणे इष्ट ठरेल. 1990 नंतरचा पूर्व जर्मनी हा असा प्रदेश आहे. आणि ब्रांडेनबुर्ग या सुमारे पंचवीस लाख वस्तीच्या राज्यात अकरा वर्षे मुख्यमंत्री राहिलेले माथियास प्लात्सेक हे त्या प्रयोगाचे एक बोलके उदाहरण आहे.

प्लात्सेक यांचा जन्म 1953 सालच्या डिसेंबरात पोट्सडाम येथे, एका डॉक्टरांच्या घरी झाला. इल्मेनाउ येथील तांत्रिक विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय नियंत्रणशास्त्राचे शिक्षण घेतले आणि 1979 मध्ये अभियंत्याची पदवी मिळवली. अशीच पार्श्वभूमी त्यांच्या पिढीतील कितीतरी नेत्यांची आहे. आंगेला मेर्केल भौतिकशास्त्राच्या, सॅक्सनीचे मुख्यमंत्री झालेले तिलिख अभियंते, आणि प्लात्सेक यांचे उत्तराधिकारी वोइदके कृषी पदवीधर. हा योगायोग नव्हे. पूर्व जर्मनीत कायदा, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय सत्ताधारी पक्षाच्या मुठीत होते. ज्याला पक्षाची पोथी घोकावयाची नव्हती, त्याला विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक किंवा चर्च एवढेच मार्ग मोकळे होते. म्हणून 1989 मध्ये भिंत कोसळली तेव्हा हात स्वच्छ असलेली जी माणसे पुढे आली, त्यांत अभियंते आणि पाद्री यांचा भरणा होता. जनतेने त्यांना निवडले हे खरे. पण निवडावयास दुसरे फारसे कोणी नव्हते हेही तितकेच खरे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे मागणीपेक्षा पुरवठ्याकडे अधिक पाहिले पाहिजे.

1982 पासून प्लात्सेक पोट्सडाम जिल्ह्याच्या आरोग्य निरीक्षण कार्यालयात पर्यावरण विभागाचे प्रमुख होते. त्याच वर्षी पूर्व जर्मन मंत्रिमंडळाने पर्यावरणविषयक आकडेवारी गोपनीय ठरवली. या देशात त्या दशकात वर्षाला तीस कोटी टनांच्या आसपास तपकिरी कोळसा खणला जाई; जगात इतका दुसरीकडे कोठेही निघत नसे. त्या धुरातील गंधकाचे प्रमाण मोजणे हे सरकारी कर्मचाऱ्याचे काम होते, आणि ते कोणाला सांगणे हा गुन्हा होता. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेचे अपयश आपण बहुधा किमती आणि टंचाई यांच्या भाषेत शिकवतो. परंतु मोजलेला आकडा कुलपात ठेवणारी व्यवस्था स्वतःची चूक दुरुस्त करूच शकत नाही, हे त्या अपयशाचे अधिक खोल कारण आहे. 1988 मध्ये प्लात्सेक यांनी काही मित्रांसह पोट्सडाममध्ये पर्यावरण आणि नगररचना यांसाठी एक गट स्थापन केला. त्यांच्या राजकारणाचा उगम तेथे आहे.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 1990 च्या फेब्रुवारीत ते मोद्रोव यांच्या अखेरच्या सरकारात हरित पक्षाचे बिनखात्याचे मंत्री होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांडेनबुर्गचे पर्यावरणमंत्री झाले. 1993 मध्ये त्यांचा गट पश्चिमेकडील हरित पक्षात विलीन झाला, तेव्हा ते त्यात गेले नाहीत. 1995 मध्ये त्यांनी सामाजिक लोकशाही पक्षात प्रवेश केला. या पक्षांतरावर टीका झाली. मात्र त्याहून कठीण परीक्षा होर्नो गावाची होती. साडेतीनशेच्या आसपास वस्तीचे, सोर्ब या अल्पसंख्य समाजाचे हे गाव कोळशाच्या खाणीच्या वाटेत होते. राज्याच्या घटनेत सोर्ब लोकांच्या वस्तीला संरक्षण होते. तरीही 1997 मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा करून गाव हलवण्याचा मार्ग मोकळा केला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही 2000 मध्ये गावकऱ्यांची तक्रार फेटाळली. 2004 मध्ये गावाचे चर्च पाडले गेले, तेव्हा प्लात्सेक मुख्यमंत्री होते. कोळशाच्या धुराची मोजणी करणारा माणूस खाणीतील रोजगाराचा रखवालदार झाला. यात ढोंग होते असे मला वाटत नाही. ज्या भागात कारखाने एकामागून एक बंद पडत होते, तेथे खाण हीच उरलेली हमी होती, आणि मतपेटीही तेच सांगत होती.

प्लात्सेक यांचे नाव घराघरांत पोचवले ते 1997 च्या ओडर नदीच्या पुराने. पोलंड आणि चेक प्रजासत्ताकात या पुराने शंभराहून अधिक बळी घेतले. जर्मनीच्या बाजूस 23 आणि 24 जुलै रोजी दोन ठिकाणी बांध फुटले आणि त्सिल्टेनडोर्फचा सखल भाग पाण्याखाली गेला. त्याच्या खाली ओडरब्रुख हा विस्तीर्ण प्रदेश होता, जो फ्रेडरिक द ग्रेट याच्या काळात पाणी उपसून शेतीखाली आणलेला. होहेनवुत्सेन येथे बांध आतून भिजून खचू लागला. अशा वेळी भिंत उंच करून भागत नाही. जमिनीकडील उतारावर फांद्यांचे थर व वाळूच्या पोत्यांचे वजन अशा रीतीने रचावे लागते, की झिरपलेले पाणी निघून जावे पण माती जागची हलू नये. हजारो सैनिक आणि गावकरी रात्रंदिवस खपत होते. पर्यावरणमंत्री दिवसेंदिवस बांधावर उभे राहिले. कोठे धोका आहे, कोठून लोकांनी निघून जावे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. बांध टिकला. जर्मन बाजूस एकही जीव गेला नाही. वृत्तपत्रांनी त्यांना 'डाइखग्राफ', म्हणजे बांधांचा अधिपती, ही जुनी पदवी बहाल केली.

या यशाने ते 1998 मध्ये पोट्सडामचे महापौर आणि 2002 मध्ये मुख्यमंत्री झाले. वारसा मात्र कटू होता. राज्याने सरकारी पैसा ओतून जे भव्य प्रकल्प मिरवले होते, ते कोसळत होते. प्रचंड मालवाहू हवाई जहाजे बांधणारी कंपनी 2002 मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिच्या 107 मीटर उंच सभागृहात पुढे पर्यटकांसाठी कृत्रिम समुद्रकिनारा उभा राहिला. फ्रांकफुर्ट आन देर ओडर येथील चिपनिर्मितीचा कारखाना 2003 मध्ये सुरू होण्यापूर्वीच बुडाला. राज्यात दर पाच कामकऱ्यांपैकी जवळजवळ एक बेकार होता. या परिस्थितीत 2004 मध्ये बेकारभत्त्याची नवी कडक पद्धत येऊ घातली आणि पूर्वेकडील शहरांत सोमवारचे मोर्चे पुन्हा निघू लागले. आपल्याच पक्षाच्या केंद्र सरकारने केलेल्या या कायद्याचे समर्थन करीत प्लात्सेक बाजारचौकांत हुर्योला तोंड देत फिरले आणि 31.9 टक्के मते मिळवून निवडणूक जिंकले. मते घटली, सत्ता राहिली.

त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी त्याची चर्चा पुराइतकी झाली नाही. विकासाचा पैसा सर्व तालुक्यांत झारीने शिंपडण्याऐवजी, 2005 मध्ये पंधरा विकासकेंद्रे निवडून तेथील विशिष्ट उद्योगांना बळ देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. दुर्गम भागांतील काही शहरेही त्या यादीत होती. पण जी गावे यादीत नव्हती, त्यांना आपला निकाल लागला हे कळले. समान वाटपाने कोणाचेच भले होत नाही हा युक्तिवाद बरोबर आहे. परंतु ज्या गावातून शाळा गेली, मग दुकान गेले, मग तरुण गेले, तेथे उरलेल्या म्हाताऱ्यांना तो पटावा ही अपेक्षा कशी करावी? पुढील दशकात बेकारी निम्म्यावर आली खरी. तिचे श्रेय सारे धोरणाला देणे चुकीचे होईल. जर्मनीची अर्थव्यवस्था सावरली होती, आणि बेकार होऊ शकणारे तरुण राज्य सोडून गेले होते.

2005 च्या नोव्हेंबरात पक्षाने त्यांना 99.4 टक्के मतांनी राष्ट्रीय अध्यक्ष केले. प्रकृतीने साथ दिली नाही. कान अचानक अधू होण्याचे झटके आले, आणि पाच महिने भरण्याच्या आतच ते पायउतार झाले. 2009 मध्ये त्यांनी डाव्या पक्षाशी आघाडी केली. जुन्या राजवटीच्या वारसांशी समेट करण्याची भाषा त्यांनी वापरली आणि लगेच त्या पक्षाच्या काही आमदारांचे गुप्त पोलिसांशी असलेले जुने संबंध उघड झाले. हा घाव त्यांना बराच काळ जाणवला.

आणि मग विमानतळ. बर्लिनच्या नव्या विमानतळाची मालकी बर्लिन व ब्रांडेनबुर्ग यांच्याकडे प्रत्येकी 37 टक्के आणि केंद्राकडे 26 टक्के. खाजगीकरणाचा प्रयत्न 2003 मध्ये फसला होता. एकच मुख्य कंत्राटदार नेमण्याच्या निविदा महाग ठरल्याने 2007 मध्ये त्या रद्द करून काम तुकड्यातुकड्यांनी वाटले गेले. 3 जून 2012 ला होणारे उद्घाटन आगीच्या धुराची निचरा यंत्रणा सदोष असल्याने चार आठवडे आधी रद्द झाले. प्लात्सेक देखरेख मंडळावर होते. 2013 च्या जानेवारीत ते त्याचे अध्यक्ष झाले. बांधावर ते स्वतः खचणारी माती पाहू शकत होते. येथे त्यांच्यासमोर अहवाल येत, आणि प्रत्येक तुकड्याचा जबाबदार वेगळा. तीन मालकांपैकी प्रत्येकाला इतर दोघे पाहत आहेत असे वाटावे, अशीच ती रचना होती. अभियंत्याची पदवी असलेला मनुष्य त्या खुर्चीत बसला, एवढ्याने रचना बदलत नाही. त्या जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. विमानतळ उघडला तो 31 ऑक्टोबर 2020 रोजी, साथीच्या काळात, प्रवासी फारसे नसताना.

2014 पासून ते जर्मन-रशियन मंचाचे अध्यक्ष होते. क्रिमिया घेतल्यानंतरही मॉस्कोशी जुळवून घेण्याची त्यांची भूमिका वादग्रस्त ठरली होती. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर त्यांनी ते पद सोडले आणि रशियाविषयीचा आपला अंदाज चुकल्याचे मान्य केले.