कॅमेऱ्याची कळ कोणाकडे?

पानिपतजवळच्या काला अंब येथे दर 14 जानेवारीला मराठी माणसे 1761च्या रणात पडलेल्यांना वंदन करायला जमतात. तिथले मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंच्या अखेरीबद्दल सर्वांना पटेल अशी साक्ष नव्हती, म्हणूनच भाऊंचा तोतया उभा राहू शकला. 1776मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत त्याने पुणे दरबाराला हैराण केले. खात्रीची नोंद नसली की हवी ती कहाणी खपते, आणि आज पोलिसांच्या गाडीत नेमके हेच घडते आहे.

23 सप्टेंबर 2024 रोजी बदलापूर अत्याचार प्रकरणातला आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत मात्र पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचे पुढे आले आणि पाच पोलिसांवर मृत्यूचा ठपका आला. प्रत्यक्ष पाहणारे सगळे पोलीस. उरलेला एक मेलेला.

परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली अशा जागा नावानिशी सांगितल्या. त्या यादीत गाडी नाही.

गाडीत कॅमेरा बसवला तरी काम संपत नाही. शिकागोत 2014मध्ये पोलिसाने 17 वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या. गाडीतल्या चित्रणाने पोलिसांची कहाणी खोटी पाडली, पण त्यात संवाद ऐकू येत नव्हते. पुढे पोलिसांनीच तपासणी केली, तेव्हा सुमारे 80 टक्के गाड्यांत आवाज नोंदलाच जात नव्हता. हाताळणीतल्या चुका हे एक कारण, मुद्दाम केलेली मोडतोड हे दुसरे.

तेव्हा कॅमेऱ्यांच्या निविदेत नुसते मेगापिक्सेल मोजून भागणार नाही. गाडीतल्या माणसाला चित्रण थांबवता येते का? इंजिन बंद झाल्यावरही ते चालू राहते का? रात्री चेहरा दिसतो का? सायरन वाजत असताना बोलणे कळते का? कॅमेरा बंद पडला, तर त्याची वेळ आपोआप नोंदली जाते का? आणि चित्रण त्याच ठाण्याच्या ताब्यात राहते का? कसोट्या या आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63खालच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, द्यावे लागते. त्यामुळे नंतरची छेडछाड पकडता येते. जे टिपलेच नाही, ते त्यातून कळत नाही.

म्हणून सुरुवात कैदी नेणाऱ्या गाड्यांपासून करावी. चित्रण थेट बाहेरच्या यंत्रणेकडे जावे आणि बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची यादी दरमहा जाहीर व्हावी. कोठडीतल्या माणसाला इजा झाली आणि नेमके तेव्हाचेच चित्रण नसेल, तर खुलासा देण्याचा भार पोलिसांवर टाकावा. एवढे होणार नसेल, तर कॅमेरे खरेदी करण्यात जनतेचा पैसा घालवू नये.