नाकारलेला दाणा जातो कुठे?

शेंगदाणे खाताना एखादा कडू दाणा दाताखाली आला की आपण थुंकतो आणि विसरतो. बाजार काहीच थुंकत नाही. निर्यातीच्या मालातून काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून काढतात, कारण परदेशी बंदरावर अफ्लाटॉक्सिनची तपासणी असते. बाजूला काढलेला हा माल स्वस्तात तेलाच्या घाण्याकडे वळतो.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणारे. त्याला वास नाही, चव नाही आणि कढईच्या आचेला ते फारशी दाद देत नाही. १९६०मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेता घेता माग लागला तो शेंगदाणा पेंडीचा. गाळपात या विषाचा मोठा वाटा पेंडीतच राहतो. तेलात उतरलेला अंश रिफायनरीत कॉस्टिक सोडा आणि ब्लीचिंग मातीच्या प्रक्रियेत जवळजवळ निघून जातो. लाकडी घाण्याच्या तेलाला ही सोय नाही. तिथे दाणा निवडून घेणे हाच खरा उपाय. पेंड मात्र गोठ्यात जाते आणि तिच्यातले विष रूप पालटून दुधात उतरते. दुधाला आपल्याकडे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पण पहारा दुधाच्या किटलीवर ठेवून पेंडीचे पोते मोकळे सोडले, तर तो कामाचा नाही.

खरी लढाई त्याही आधीची, खळ्यावरची. दाण्यातला ओलावा सात टक्क्यांच्या आसपास आला की बुरशीचे फावत नाही. पण वाळवणारा शेतकरी तोट्यात जातो: वजन घटते आणि दाम तर वजनावरच मिळतो. त्यात फोडताना दाणा तुटू नये म्हणून वाळलेल्या शेंगांवर पुन्हा पाणी मारायची रीत आहेच. म्हणजे उन्हाने कमावलेले बादलीभर पाण्यात घालवायचे!

उपाय अवघड नाहीत. काट्याशेजारी ओलावामापक ठेवा आणि कोरड्या मालाला चढा भाव द्या. घाण्यावर गाळपापूर्वी निवड सक्तीची करा. पेंडीचे पोते तपासणीच्या दाखल्याशिवाय विकू देऊ नका आणि मर्यादेबाहेरची पेंड गोठ्याकडे फिरकू देऊ नका. निवडून काढलेला दाणा कुठे गेला, याची नोंद विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही ठेवावी. त्याला बिनबोभाट गिऱ्हाईक मिळते, तोवर आपण थुंकलेला कडू दाणा दुसऱ्या कुणाच्या तरी पेल्यात पडतच राहणार.