चूक लपू न देणारे प्रात्यक्षिक

युरियामुळे शालेय पुस्तकांत पोचलेल्या वोहलरने १८४० साली डायएथिल टेल्युराइड तयार केले आणि टेल्युरियमच्या सेंद्रिय रसायनाची सुरुवात झाली. गंधक आणि सेलेनियमच्या या भाऊबंदाला आपल्या एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांत सहसा जागा मिळत नाही. वास घाण, पदार्थ विषारी, शिवाय उपयोग काय, एवढ्यावर विषय संपतो. तरीही पदव्युत्तर विद्यार्थ्याने अल्किलीकरणाने एखादे टेल्युराइड एकदा तरी बनवावे, कारण हातातली शिस्त तपासणारी इतकी चोख परीक्षा दुसरी क्वचितच सापडेल.

टेल्युरियमची काळी भुकटी नायट्रोजनखाली इथेनॉलमध्ये सोडियम बोरोहायड्राइडबरोबर तापवली की द्रावण आधी गडद लाल-जांभळे होते. ती खूण डायटेल्युराइडची. क्षपण पूर्ण झाले की रंग जातो आणि मगच सिरिंजने ब्रोमोब्यूटेन सोडायचे. घाई करून लाल द्रावणातच ते ओतले, तर हवे ते डायब्युटिल टेल्युराइड शुद्ध मिळत नाही. दोन टेल्युरियम अणूंचे लाल संयुग त्यात मिसळून येते. रबरी बुचातून हवा शिरली, तर गेलेला रंग परत येतो. वहीत आकडे जुळवता येतात, चंबूतला रंग जुळवता येत नाही.

विषारीपणाचा आक्षेप मात्र खरा आहे. शरीरात गेलेल्या टेल्युरियमचे डायमिथाइल टेल्युराइड होते आणि अत्यल्प मात्रेनेही श्वासाला लसणासारखा वास दीर्घकाळ येत राहतो. म्हणूनच मिथाइल, एथिलसारखी उडून जाणारी संयुगे विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत. लांब साखळीचे हॅलाइड घ्यावे, प्रमाण अगदी थोडे ठेवावे, बाहेर पडणारा वायू हायपोक्लोराइटच्या द्रावणातून न्यावा. चालू फ्यूम हूड नसलेल्या महाविद्यालयाने याच्या वाटेला जाऊच नये. पण मग अशा महाविद्यालयात बेंझिन आणि क्लोरोफॉर्म कशाच्या भरवशावर हाताळले जातात, हेही विचारायला हवे. त्यांचा वास सवयीचा झाला, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत.

उपयोगाचे म्हणाल, तर अवरक्त संवेदकांसाठी मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचे पातळ थर देताना डायआयसोप्रोपिल टेल्युराइड वापरतात. मुंबईत आयआयटी आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातही या कुळातल्या संयुगांवर संशोधन झाले आहे. पण प्रात्यक्षिकाची बाजू मी त्यावर उभी करणार नाही. बहुतेक विद्यार्थ्यांना पुढे टेल्युरियम कधीच लागणार नाही. ग्रिग्नार्ड अभिक्रियाकारक किंवा ब्युटिल लिथियम मात्र औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत हमखास लागेल आणि तिथे हवा बाहेर ठेवण्याचे हेच कसब कामी येईल. ते नोकरीच्या पहिल्या महिन्यात, मोठ्या भांड्यावर शिकण्यापेक्षा पन्नास मिलिलिटरच्या चंबूत, शिक्षक शेजारी उभे असताना शिकलेले केव्हाही बरे.