दात काढणाऱ्याचे गाव

चकली चावताना यंदा ज्यांची दाढ दुखली असेल, त्यांना आजच्या गावाचे नाव ऐकून बरे वाटेल. नाव तिरादेन्तेस, पोर्तुगीज भाषेत ‘दात काढणारा’!

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात, डोंगरकड्याच्या पायथ्याशी हे लहानसे गाव आहे. शेजारच्या शहराहून आम्ही उभयता कोळशाच्या जमान्यातल्या आगगाडीने निघालो. सुमारे बारा किलोमीटरची वाट, १८८१ सालचा अडीच फुटी रूळमार्ग. जुन्या बार्शी लाईटने ज्यांनी पंढरपूर गाठले असेल, त्यांना ही गाडी परकी वाटणार नाही.

ओबडधोबड दगडी गल्ल्या, चुन्याच्या भिंती, रंगीत चौकटींच्या खिडक्या, कौलारू छपरे. १७४९ सालचे सार्वजनिक पाणवठे आहे. पिण्याचे, धुण्याचे आणि गुरांचे पाणी वेगवेगळे. टेकडीवर आतून सोन्याने मढवलेले चर्च.

“किती निगुतीने जपलंय हो!” सौ. म्हणाली.

जपले खरे, पण कोणी? अठराव्या शतकात इथे सोने निघे. खणायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम, आणि पाचवा हिस्सा लिस्बनच्या राजाचा. सोने आटले, माणसे पांगली. जुने पाडून नवे बांधायला पैसाच उरला नाही. सरकारने १९३८ साली गाव संरक्षित ठरवले. तोवर ते गरिबीनेच राखले होते.

सोने आटले तरी कराचा तगादा आटेना. तेव्हा १७८९ साली काहींनी बंडाचा कट केला. त्यात याच परिसरात जन्मलेला एक कनिष्ठ लष्करी अधिकारी होता. तो दातही काढी, म्हणून ‘तिरादेन्तेस’. कट फुटला. इतरांना हद्दपारी मिळाली. २१ एप्रिल १७९२ रोजी फासावर चढला तो हा एकटा. आपल्या गोव्यातला पिंटोंचा कट १७८७ सालचा. दोन्हीकडे राणी एकच, पहिली मारिया!

गावाचे जुने नाव साव जुझे देल रेइ. ‘रेइ’ म्हणजे राजा. १८८९ साली प्रजासत्ताक आले. नावातला राजा गेला आणि दात काढणारा आला.

निघताना रोझारियोच्या छोट्या दगडी चर्चमध्ये डोकावलो. हे गुलामांचे चर्च. इथे संतही काळ्या वर्णाचे आहेत. सौ. बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, “गावाला नाव द्यायचं, तर यांचंही द्यायला हवं होतं.”

गाडीची शिट्टी झाली. उत्तर मला अजून सुचलेले नाही.